गोठ्यातला डोळा

लखनौच्या रायबरेली रस्त्यावर, पीजीआय रुग्णालयाच्या शेजारी, वृंदावन योजना पसरली आहे. आवास विकास परिषदेने वसवलेली ही वसाहत. सरळ रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर, आणि अजूनही बांधकामाची वाट पाहणारे मोकळे भूखंड. फेब्रुवारी २०२० मध्ये इथल्या सेक्टर १५ च्या मैदानावर डिफेन्स एक्स्पो भरला होता. आता सकाळी फिरायला गेले की त्या बाजूला मोकाट गायी आणि सांड चरताना दिसतात. त्यांत एक पांढरी गाय आहे. तिचा डावा डोळा दुधाळ झाला आहे. त्या बाजूने कुणी गेले तर तिला कळत नाही, म्हणून ती मान सतत डावीकडे वळवून ठेवते. चहावाला म्हणाला, ‘फूली पड़ गई है।’ मला एकदम घर आठवले. आमच्याकडेही हाच शब्द आहे: फूल पडले.

त्या गायीमुळे मी जनावरांच्या डोळ्यांवरचे संशोधन वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की या विषयात फार मोठी माहिती जमली आहे, पण ती ज्या डोळ्यांसाठी आहे तिथपर्यंत फार थोडी पोचली आहे. या लेखात त्या दोन्ही बाजू मांडायच्या आहेत.

आधी एक आकडा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गायीबैल, जवळजवळ ११ कोटी म्हशी, १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. मोकाट गोवंश ५० लाखांवर भरला, आणि त्यांतले जवळजवळ १२ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते. जात, लिंग, वय सगळे मोजले. यांतली किती जनावरे एका डोळ्याने आंधळी आहेत, किती दोन्ही डोळ्यांनी, याचा रकाना मात्र त्यात नाही. माणसांच्या अंधत्वाची देशव्यापी सर्वेक्षणे होतात आणि त्यांवर कार्यक्रम आखले जातात. जनावराच्या अंधत्वाची अशी मोजणीच नाही. आंधळी गाय दूध देते, आंधळी शेळी विते. नुकसान दुधाच्या मापात दिसत नाही, म्हणून ते नोंदवले जात नाही. बैलाचे तेवढे वेगळे. एका डोळ्यात फूल असलेल्या बैलाचा भाव बाजारात लगेच उतरतो.

लखनौहून बरेली साधारण अडीचशे किलोमीटर. तिथे इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. देशातल्या जनावरांवरच्या संशोधनाची ही सर्वांत जुनी जागा, आणि तिचा जन्म पुण्याचा. १८८९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने ती सुरू झाली. रोगजंतूंवर काम करायचे तर जागा वस्तीपासून दूर हवी, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली, आणि पुढे इज्जतनगरला तिचा विस्तार झाला. त्या काळी सगळे लक्ष बुळकांडीवर होते, आणि ते योग्यच होते. गावेच्या गावे जनावरांविना करणारा तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. जनावरांच्या संशोधनातले याहून मोठे यश मला माहीत नाही. पण या क्रमाचा एक परिणाम राहिला. जे जनावर मारते त्यावर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. जे जनावराला आंधळे करून जिवंत ठेवते ते मागे पडले.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.  त्याआधीही आपल्याकडे जनावरांच्या आजारांचा विचार नव्हता असे नाही. हत्तींच्या वैद्यकावरचा पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. काही वर्षांच्या अंतराने पुण्यात जंतूंची प्रयोगशाळा सुरू झाली आणि हत्तींचा प्राचीन ग्रंथही छापला गेला, पण दोघांची गाठ कधी पडली नाही.

आता फुलाकडे येतो, कारण गोठ्यातल्या डोळ्यांचा सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे.

डोळ्याचे पुढचे काचेसारखे पटल म्हणजे बुबुळावरचे झाकण. ते पारदर्शक असते कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यातले तंतू शिस्तीत रचलेले असतात, आणि आतला पेशींचा एक थर त्यातले पाणी सतत बाहेर काढत राहतो. जखम झाली की ही शिस्त मोडते. पाणी शिरते, पटल निळसर धूसर होते. हे पहिले पांढरेपण ओले असते आणि बऱ्याच वेळा परत जाते. पण जखम खोल गेली, पू झाला, आठवडे गेले, तर तिथे वण तयार होतो. हा दुसरा पांढरेपणा दाट आणि खडूसारखा असतो, आणि त्यावर थेंब काम करत नाहीत. शेतकऱ्याच्या तोंडी दोन्हीला फूलच म्हणतात. बाहुलीच्या मागे भिंगात येणाऱ्या मोतीबिंदूलाही पुष्कळदा फूलच म्हणतात. तिन्हींची वाट वेगळी आहे. उपचाराची सगळी संधी पहिल्या ओल्या फुलात आहे, आणि ती मोजून काही दिवसांची असते.

जखम होते कशाने? दख्खनच्या माळावर कुसळी गवत वाळते. त्याचे टोकदार कुसळ मेंढीच्या पापणीखाली शिरते आणि पापणीच्या प्रत्येक हालचालीबरोबर पटल खरवडत राहते. धनगराला हे ठाऊक असते. पापणी उलटून कुसळ काढणे हा त्याच्या हातचा भाग आहे. उसाच्या पट्ट्यात पात्याची धार लागते. शेर आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर जळजळीने पटल सुजते. दावणीत शेजारच्याचे शिंग लागते. कासऱ्याचा किंवा चाबकाचा फटका चुकून डोळ्यावर बसतो. वृंदावन योजनेसारख्या नव्या वसाहतीत वाळू, सिमेंट आणि विटांची धूळ आहेच. विटा वाहणाऱ्या खेचरांचे डोळे पाहिले की त्या धुळीची किंमत कळते.

जखमेखेरीज संसर्गाने होणारी साथ असते. गायीबैलांच्या ‘डोळे येण्या’वर जगात सर्वांत जास्त अभ्यास झाला तो मोराक्सेला बोव्हिस या जंतूचा. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. त्यांनी तो पटलाला चिकटतो आणि पेशी फोडणारे विष सोडतो. भर उन्हात अतिनील किरणांनी पटल आधीच कमजोर झालेले असते, माशा एका डोळ्याचा स्राव दुसऱ्या डोळ्यावर नेतात, आणि वासरांमध्ये पंधरा दिवसांत अर्धा गोठा डोळे मिटून उभा राहतो. पाणी गळते, उजेड सहन होत नाही, मध्यभागी पांढरा ठिपका पडतो, तिथे व्रण होतो. बरीचशी जनावरे तीन ते पाच आठवड्यांत बरी होतात, पण वण राहतो. काहींचा डोळा फुटतो.

या रोगावर लस काढण्याचे प्रयत्न अनेक दशके चालू आहेत, आणि त्यांचे फळ निराशाजनक आहे. जंतूचे धागे आपले रूप बदलत राहतात, म्हणून एका प्रकारावर केलेली लस दुसऱ्याला अडवत नाही. भर म्हणून २००७ मध्ये मोराक्सेला बोव्होक्युली हा वेगळा जंतू वर्णिला गेला, आणि आजारी डोळ्यांत तोही सापडू लागला. रोग तो स्वतः करतो की फक्त तिथे असतो, यावर अजून एकमत नाही. शेळ्यामेंढ्यांत कारणेच वेगळी आहेत: मायकोप्लाझ्मा आणि क्लॅमिडिया. म्हणजे गायीवरचा उपाय शेळीला तसाच लावता येत नाही. उपचाराच्या बाजूने मात्र चित्र चांगले आहे. लांब मुदतीचे ऑक्सिटेट्रासायक्लिन इंजेक्शन वेळेवर मिळाले तर बरे होण्याचा काळ कमी होतो, आणि हे औषध तालुक्याच्या दवाखान्यात असते. माशा आवरणे, आजारी जनावर सावलीत आणि वेगळे ठेवणे, डोळ्यावर पट्टी बांधणे, एवढ्याने साथ पुष्कळ थांबते.

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो, कारण वाचताना तीच सगळ्यांत जास्त टोचली. व्रण झालेल्या डोळ्यात स्टिरॉइड घालू नये, ही पशुवैद्यकातली पक्की समज आहे. स्टिरॉइडने लाली उतरते, डोळा दोन दिवस छान दिसतो, आणि त्याच वेळी पटल विरघळवणाऱ्या एन्झाइमांना मोकळे रान मिळते. व्रण जेलीसारखा वितळतो आणि डोळा जातो. तरी माणसांच्या औषधाच्या दुकानातून ‘डोळ्याचे थेंब द्या’ म्हणून जे मिळते त्यात प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड असलेली बाटली बऱ्याचदा असते. गावोगाव चालणारे दुसरे उपायही याच रांगेतले: मीठ चावून डोळ्यात फुंकणे, तंबाखूचा रस पिळणे. हे करणारा माणूस जनावरावर माया करणारा असतो, म्हणून मला त्याच्यावर राग येत नाही. पण त्या मिठाने ओल्या फुलाचा दाट वण होतो, हे त्याला कुणीतरी प्रेमाने आणि ठामपणे सांगायला हवे.

व्रण आहे की नाही हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. फ्लुओरेसिनची नारिंगी कागदी पट्टी डोळ्याला लावायची. व्रण असेल तिथे रंग हिरवा चमकतो, धड पटलावर बसत नाही. एक पट्टी, थोडे पाणी, एक टॉर्च. ही तपासणी ज्या दवाखान्यात होत नाही तिथे प्रत्येक थेंब आंधळेपणाने दिला जातो.

वितळणाऱ्या व्रणावर संशोधनाने दिलेला एक उपाय मला फार आवडतो, कारण तो गरिबाचा आहे. त्याच जनावराचे रक्त काढायचे, गोठू द्यायचे, वर आलेला पिवळा द्रव म्हणजे सीरम बाजूला घ्यायचे आणि ते थेंब थेंब डोळ्यात घालायचे. सीरममध्ये विरघळवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारी प्रथिने असतात. ते निर्जंतुक राखावे लागते, फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि ठरावीक दिवसांत टाकून नवे करावे लागते, एवढेच. खोल व्रणावर तिसरी पापणी ओढून शिवणे, गर्भवेष्टनाचा पातळ पडदा लावणे, हे उपायही भारतातल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे होत आले आहेत. गाय व्याली की पडणारा वार आपण पुरून टाकतो. त्यातल्या पडद्याचा डोळ्याला उपयोग होतो, ही गोष्ट गोठ्यात सांगितली तर लोक थक्क होतात.

दुखणे कमी करण्याच्या औषधांबद्दलही एक ओळ हवी. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी भारतात २००६ मध्ये बंद झाले, कारण ते दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. डोळ्याच्या सुजेवर मेलॉक्सिकॅम आहे आणि ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. गायीचा डोळा वाचवताना आकाशातले पक्षी मारायचे नाहीत, एवढे भान या विषयात आले, याचे समाधान वाटते.

जंतांचा भाग मराठी वाचकाला चित्तथरारक वाटेल. घोड्याच्या डोळ्यात, पटलाच्या मागच्या पाण्यात, पांढरी दोऱ्यासारखी अळी वळवळताना दिसते. मालक घाबरून घोडा घेऊन येतो. ही सेटारिया डिजिटाटा. हिचे खरे घर गायीबैलांचे पोट, आणि तिथे ती फारसा त्रास देत नाही. डास तिची पिल्ले गायीकडून घोड्याकडे नेतो. घोड्याच्या अंगात तिला वाट सापडत नाही, ती भरकटते आणि कधी डोळ्यात, कधी मज्जारज्जूत पोचते. मज्जारज्जूत गेली तर घोड्याची कंबर ढिली पडते. त्याला कुमरी म्हणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांनीही हा शब्द तसाच घेतला. डोळ्यातल्या अळीला औषधाने मारले तर मेलेल्या अळीने डोळा जास्त पेटतो, म्हणून भूल देऊन पटलाच्या कडेला बारीक छेद घेतात आणि आतल्या पाण्याच्या दाबाबरोबर अळी बाहेर येते. भारतातल्या शल्यचिकित्सकांनी या शस्त्रक्रियेवर भरपूर लिहिले आहे. गायीगुरे, घोडे आणि डास एकाच अंगणात असलेल्या देशातच हे ज्ञान जमू शकते. टांगे, वरातीच्या घोड्या आणि वीटभट्ट्यांवरची खेचरे असलेल्या लखनौला ते हवेच आहे.

दुसरी थेलाझिया. ही म्हशी आणि गायींच्या पापणीखाली राहते आणि माशीच्या तोंडातून येते. डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालून चिमट्याने काढता येते, आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांनीही जाते. म्हशीचा डोळा सतत गळतो आहे आणि कारण सापडत नाही, तेव्हा पापणी आणि तिसरी पापणी उलटून पाहायला दोन मिनिटे लागतात.

रातांधळेपणाची गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. दुष्काळात हिरवे काही उरत नाही, जनावर महिनोन् महिने वाळल्या कडब्यावर असते. जुन्या कडब्यात कॅरोटीन जवळजवळ राहत नाही आणि कॅरोटीन नाही तर अ जीवनसत्त्व नाही. मोठ्या जनावराच्या यकृतात काही महिन्यांचा साठा असतो, वासरात तो नसतोच. आधी संध्याकाळी जनावर अडखळते, गव्हाणीला धडकते. या टप्प्यावर अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि हिरवा चारा दिला तर दृष्टी परत येते. वाढत्या वासराचे मात्र वेगळे. त्याच्या कवटीचे हाड जाड होते आणि डोळ्याची नस ज्या भोकातून मेंदूकडे जाते ते भोकच अरुंद होते. नस चेंगरली की मग कितीही जीवनसत्त्व द्या, डोळा परत येत नाही. बाहुली मोठी आणि स्थिर, डोळा वरून स्वच्छ, आणि वासरू आंधळे.

या विषयाच्या इतिहासातला एक प्रयोग सांगायलाच हवा. १९३३ मध्ये टेक्सासच्या फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला गाभण राहण्याच्या आधीपासून अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला अकरा पिल्ले झाली आणि एकालाही नेत्रगोल नव्हते. आईच्या पोटात आहाराच्या अभावाने व्यंग होऊ शकते, हे तोपर्यंत कुणी मानत नव्हते. माणसांच्या गर्भव्यंगांच्या शास्त्राची सुरुवात या पिल्लांपासून धरली जाते. आपल्या गोठ्यात आंधळे वासरू जन्मले की ‘नशीब’ म्हणतात. नव्वद वर्षांपूर्वीच ठरले आहे की पुष्कळ वेळा ते नशीब नसून उन्हाळ्यातली गव्हाण असते. बांधावरचा हादगा आणि शेवग्याचा पाला त्या गव्हाणीत पडला तरी पुष्कळ अंधत्व टळेल.

डोळा कधी स्वतः आजारी नसतो, अंगातला आजार तिथे उमटतो. गोचीडतापाच्या थेलेरिया प्रकारात संकरित वासरांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. सर्रा या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिला. त्यातही पटल धूसर होते. २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली तेव्हा अंगावरच्या गाठींबरोबर कित्येक जनावरांचे डोळेही सुजले. गाठींची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली, डोळ्यांकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

आणि शहरातली मोकाट गाय. कचऱ्यात टाकलेल्या बॅटऱ्या आणि रंगाचे डबे चाटून शिसे पोटात गेले की ती गोल फिरते, दात खाते, भिंतीला डोके लावते आणि तिला दिसेनासे होते. टॉर्च मारली तर बाहुली आकसते, म्हणजे डोळा शाबूत आहे आणि दोष मेंदूत आहे. हेच चित्र थायमिनच्या कमतरतेतही दिसते, आणि तिथे थायमिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर काही तासांत ते काही दिवसांत दृष्टी परत येऊ शकते. एका टॉर्चने एवढा मोठा निर्णय होतो. मेंढपाळांसाठी आणखी एक इशारा. जंतांवर दिले जाणारे क्लोसँटेल ठरल्यापेक्षा जास्त पाजले गेले तर शेळ्यामेंढ्या कायमच्या आंधळ्या होतात. अंदाजाने वजन धरून बाटलीने औषध पाजण्याची सवय कळपभर अंधत्व आणू शकते. कोंबड्यांचे थोडक्यात: शेडमध्ये अमोनियाचा वास माणसाच्या डोळ्यांना झोंबत असेल तर पक्ष्यांचे डोळे आधीच भाजलेले असतात.

घरातल्या कुत्र्यामांजरांकडे आलो की सगळे चित्र बदलते. इथे पैसा आहे, म्हणून संशोधन आहे, आणि त्यातले काही माणसांच्याही उपयोगी पडले. कुत्र्यांत डोळे कोरडे पडण्याचा विकार सर्रास असतो. अश्रू मोजायला ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये माणसांसाठी सुचवलेली कागदपट्टीच आजही कुत्र्यांसाठी वापरतात. मिनिटात पट्टी पंधरा मिलिमीटरपर्यंत भिजायला हवी. या विकारावर अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन डोळ्यात घालण्याची कल्पना जॉर्जिया विद्यापीठातल्या पशुनेत्रतज्ज्ञ रेने कासवान यांची. कुत्र्यांसाठीच्या मलमाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, माणसांच्या थेंबांना २००२ मध्ये. आज कोरड्या डोळ्यांसाठी हे थेंब वापरणाऱ्या कितीतरी माणसांना माहीत नसते की त्यांचा उपाय आधी कुत्र्यांवर सिद्ध झाला.

‘चेरी आय’ची गोष्ट याच विकाराशी जोडलेली आहे. तिसऱ्या पापणीची ग्रंथी लाल गोळ्यासारखी बाहेर येते. पूर्वी ती कापून टाकत. काही वर्षांनी त्याच कुत्र्याचा डोळा कोरडा पडे, कारण ती ग्रंथी अश्रू तयार करत असते. आता ती खिसा करून आत बसवतात. पग जातीची तर वेगळीच अडचण. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि भारतभर घरोघर आला. त्याचा चेहरा चपटा, डोळे बाहेर, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, नाकाची घडी डोळ्याला घासते. त्याचा डोळा व्रणासाठी जणू उघडाच असतो. चेहरा गोड दिसावा म्हणून माणसाने केलेली पैदास आहे ही, आणि त्याची किंमत तो प्राणी मोजतो. माझे मत स्पष्ट आहे: नवा पग विकत घेऊ नये.

मोतीबिंदू मधुमेही कुत्र्यांत फार झपाट्याने येतो. निदान झाल्यापासून वर्षभरात बहुतेकांना तो गाठतो. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये माणसाच्या डोळ्यासाठी वापरलेली ध्वनिलहरींनी भिंग फोडण्याची पद्धत आता कुत्र्यांतही रुळली आहे. फक्त कुत्र्याच्या भिंगाची ताकद सुमारे ४१ डायॉप्टर लागते, माणसाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून भिंग वेगळे बनवावे लागते. चेन्नईच्या आणि लुधियानाच्या पशुवैद्यकीय संस्थांत या शस्त्रक्रिया होतात. खरे कष्ट नंतरच्या आठवड्यांत घरच्यांचे असतात. दिवसातून अनेकदा थेंब, गळ्यात पट्टा, आणि वाट पाहणे.

मांजरांबद्दल मराठी घरांना एक सांगायचे आहे. दूधपोळीवर वाढवलेल्या मांजराचे आपल्याला कौतुक असते. पण मांजराचे शरीर टॉरिन पुरेसे बनवू शकत नाही आणि टॉरिन मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर डोळ्याचा आतला पडदा झिजतो, हे १९७५ मध्येच सिद्ध झाले, आणि झिजलेला पडदा परत येत नाही. मांजरांच्या नागीण विषाणूवर वर्षानुवर्षे लायसिन दिले गेले. २०१५ मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा त्याचा उपयोग नाही असाच निष्कर्ष निघाला. आपली आवडती समजूत खोटी ठरवण्याचे धैर्य या क्षेत्राने दाखवले, हे मी त्याच्या खात्यात जमा धरतो.

आणि शेवटी लान्सलॉट. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांत आरपीई६५ नावाच्या जनुकाच्या दोषाने जन्मापासून अंधत्व असते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी निरोगी जनुक विषाणूवर चढवून अशा कुत्र्यांच्या डोळ्यात सोडल्याचे जाहीर केले. लान्सलॉट त्यांतला एक. त्याला दिसू लागले. त्याच वाटेने जाऊन डिसेंबर २०१७ मध्ये त्याच दोषाने आंधळ्या होणाऱ्या मुलांसाठीच्या जनुकोपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या मुलाला पहिल्यांदा आईचा चेहरा दिसला त्याच्या आणि त्या चेहऱ्याच्या मध्ये एक कुत्रा उभा आहे.

हत्तींचा उल्लेख न करता मला पुढे जाववत नाही. हत्तीला अश्रू वाहून नेणारी नळी नसते, म्हणून त्याचे पाणी नेहमी गालावरून ओघळते आणि लोकांना तो रडतो असे वाटते. रस्त्यावर भीक मागायला फिरवलेल्या हत्तींचे डोळे धुळीने, उन्हाने आणि अंकुशाच्या जखमांनी जातात. मथुरेजवळ २०१८ मध्ये हत्तींसाठी रुग्णालय सुरू झाले, तिथे असे डोळे पाहिले जातात.

हे सगळे समोर ठेवले की माझा निष्कर्ष असा होतो. कुत्र्याच्या डोळ्यात जनुक बदलता येते, आणि त्याच काळात माळावरच्या मेंढीच्या डोळ्यातले कुसळ आठवडाभर राहते. हे दोन टोकांचे अंतर नव्या शोधाने भरणार नाही. ते भरण्यासाठी आपल्या मातीतले प्रश्न विचारणारे संशोधन हवे: आपल्या गोठ्यांत डोळे येण्यामागे नेमका कोणता जंतू असतो, कुठली माशी तो नेते, कडब्यावरच्या किती वासरांची नस चेंगरते, कसायाकडे न जाता गोशाळेत राहणाऱ्या गायींत अंधत्व किती. इज्जतनगर, परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे विषय मिळायला हवेत. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात फ्लुओरेसिनच्या पट्ट्या आणि चांगली टॉर्च असावी, आणि नोंदवहीत डोळ्यासाठी एक रकाना असावा. हा खर्च एका वासराच्या किमतीपेक्षाही कमी आहे.

वृंदावन योजनेतल्या त्या गायीच्या डोळ्याला वण पडून खूप काळ झाला आहे. तो डोळा परत येणार नाही. पण तुमच्या गोठ्यात, तुमच्या गल्लीत एखाद्या जनावराचा डोळा आज गळत असेल, मिटलेला असेल, निळसर दिसत असेल, तर त्यात मीठ, तंबाखू किंवा माणसांचे थेंब घालू नका. त्याला सावलीत बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा.